दुपारच्या उन्हात, वावरात चालेल असा स्क्रीन

तालुक्याच्या गावी बसून शेतकऱ्यांसाठी ॲप करणाऱ्या पोरांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ॲप सोपंच आहे, लोकांना जमत नाही." हे वाक्य खरं मानलं की स्क्रीन सुधारायचं काम तिथंच थांबतं. ज्या माणसाला कोणत्या वावरात कोणत्या साली काय पेरलं, कोणाकडे किती उधारी राहिली आणि कोणत्या बैलाला काय सोसत नाही हे सगळं तोंडपाठ असतं, त्याची आठवण कमी नसते. स्क्रीनच त्याच्याकडे भलतं काही मागतो: सहा आकड्यांचा ओटीपी, गेल्या जूनमधला पासवर्ड, मागच्या पानावर क्षणभर दिसलेला गट क्रमांक. डोळा, बोट, लक्ष आणि स्मरण यांच्या मर्यादा शिकलेल्या-न शिकलेल्या सगळ्यांच्या जवळपास सारख्याच असतात. एसीत बसलेल्याला त्या जाणवत नाहीत, एवढंच.

उदाहरणासाठी एकच स्क्रीन घेऊ. गावातल्या शेतकरी उत्पादक कंपनीला माल विकायचा आहे. शेतकरी फोनवरून आधी कळवणार: कोणता माल, अंदाजे किती, कोणत्या दिवशी आणणार. तीन प्रश्न आणि एक बटण. यात बिघडण्यासारखं काय, असं वाटतं. बरंच आहे.

कामाला बसण्याआधी चार वस्तू जमवा: गावात सर्रास दिसतो तसा स्वस्तातला, काचेवर ओरखडे पडलेला फोन, मिलिमीटरची पट्टी, फोनमधलंच स्टॉपवॉच, कोऱ्या कागदांचा गठ्ठा. लॅपटॉप सध्या मिटलेलाच राहू द्या.

पायरी १: काम कागदावर, जागेसकट लिहा

"शेतकरी मालाची नोंद करतो" हे वाक्य पुरेसं नाही. असं लिहा: ऑक्टोबर महिना, सोयाबीन काढून झालं आहे, दुपारचा एक वाजला आहे, माणूस धुऱ्यावर उभा आहे, डाव्या हातात पिशवी आणि उजव्या हातात फोन आहे, मागं मळणीयंत्र चालू आहे, नेटची एक कांडी येते-जाते. या एका वाक्यात पुढचे बहुतेक निर्णय दडलेले आहेत. हात एकच मोकळा, म्हणून बटणं खाली. यंत्राचा आवाज, म्हणून नुसत्या 'टिंग'वर भरवसा नाही. ऊन, म्हणून रंग ठळक. प्रत्येक स्क्रीनच्या कागदावर वर कोपऱ्यात असं एक वाक्य असलंच पाहिजे.

पायरी २: डोळ्याचा हिशेब

अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजेडाच्या गुणोत्तराला कॉन्ट्रास्ट म्हणतात. वेबसाठीच्या सुलभतेच्या निकषांत साध्या अक्षरांसाठी ते किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांसाठी ३:१ सांगितलं आहे. पांढऱ्यावर ७६७६७६ या रंग-क्रमांकाचा राखाडी ही ४.५:१ ची अट जेमतेम पास होतो. पण उघड्या वावरात जेमतेम पास म्हणजे नापास. का, ते आकड्यात पाहा.

समजा फोनचा पांढरा रंग ४०० निट (निट म्हणजे स्क्रीनचा उजेड मोजायचं एकक) उजेड देतो आणि काचेवरून आभाळाचं १०० निट प्रतिबिंब डोळ्यात येतं. हे १०० पांढऱ्यातही मिसळतात आणि काळ्यातही. म्हणजे पांढरा ५०० झाला आणि काळा शून्यावरून १०० वर आला. कॉन्ट्रास्ट उरला ५:१. आता तोच 'पास' झालेला राखाडी घ्या. तो मुळात ७२ निटच्या आसपास, प्रतिबिंब धरून १७२. पाचशेला एकशे बहात्तरने भागा: २.९. अक्षर दिसेनासं झालं. भर उन्हात प्रतिबिंब १०० वर थांबेल याचीही खात्री नाही. म्हणून मजकूर काळा किंवा जवळजवळ काळा, पार्श्वभूमी पांढरी, आणि 'सौम्य' राखाडी सूचनांना पूर्ण बंदी. काळ्या पार्श्वभूमीचा स्क्रीन रात्री खाटेवर पडून बघायला छान. उन्हात त्यात स्वतःचं तोंड दिसतं.

अक्षराचा आकार: मजकूर १८ एसपी (अँड्रॉइडमधलं अक्षराच्या मापाचं एकक), कुठंही १६ च्या खाली नाही. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठरतं, जवळचं धूसर होतं, माणूस फोन लांब धरतो, आणि लांब धरलं की अक्षर आणखी बारीक दिसतं. चष्मा घरी राहिलेला असतो, हे गृहीतच धरा. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं सर्वांत मोठी करून स्क्रीन पाहा. मजकूर बटणाबाहेर सांडला तर बटणाची उंची ठरावीक ठेवली आहे; ती मजकुराप्रमाणे वाढू द्या.

देवनागरीच्या स्वतःच्या अटी आहेत आणि इंग्रजी नमुन्यावरून स्क्रीन उचलला की त्या हमखास मोडतात. मात्रा, रफार, अनुस्वार वर चढतात. उकार, ऋकार खाली उतरतात. ओळीची उंची अक्षराच्या किमान दीडपट ठेवा. तपासायला "पऱ्हाटी", "वर्षाची नोंदणी", "गहू", "कैऱ्या", "कृषी" हे शब्द घाला. एखाद्याचा वरचा किंवा खालचा भाग कापला गेला की लगेच कळतं. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. तिरपा ठसाही नको. आणि जागा पुरत नाही म्हणून तीन टिंबं देऊन शब्द तोडू नका. "नोंदणी रक्कम" आणि "नोंदणी रद्द" ही दोन्ही बटणं "नोंदणी र…" अशी दिसली, तर कोणतं दाबायचं ते देवालाच ठाऊक.

लाल म्हणजे नाकारलं, हिरवं म्हणजे मंजूर, एवढ्यावर स्क्रीन सोडू नका. लाल-हिरव्यात फरक न कळण्याचा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, त्यामुळे तो बायकांपेक्षा पुरुषांत कितीतरी जास्त आढळतो. आणि ज्याला आहे त्याला अनेकदा तो आहे हेच माहीत नसतं. रंगासोबत शब्द लिहा: "मंजूर", "परत आलं". फोन काळा-पांढरा करून पाहिला की दोन मिनिटांत कळतं, स्क्रीन रंगावाचून वाचता येतो की नाही.

आता डोळ्याची सर्वांत दुर्लक्षित मर्यादा. हात लांब करून अंगठा धरला, तर त्याच्या नखाएवढा भागच डोळ्याला खरोखर स्पष्ट दिसतो. साधारण दोन अंश. फोन ३० सेंटिमीटरवर असेल तर हा भाग जेमतेम १ सेंटिमीटर रुंद होतो. बाकी सगळं धूसर असतं. नजर सतत फिरत असल्याने आपल्याला ते जाणवत नाही. म्हणून माणूस खाली वजन भरत असताना सगळ्यात वर आलेली "माहिती अपूर्ण" ही लाल पट्टी त्याच्या दृष्टीने आलेलीच नसते. चुकीची सूचना त्या चौकटीच्या लगेच खाली, तिला चिकटून द्या, आणि नुसतं "अपूर्ण" न म्हणता "वजन लिहायचं राहिलं" असं सांगा.

पायरी ३: बोट

मानसशास्त्रज्ञ पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडलेला नियम सोप्या भाषेत असा: लक्ष्य जितकं लहान आणि लांब, तितका तिथं पोचायला वेळ जास्त. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात बटणाचा दाबायचा भाग किमान ४८ डीपी (अँड्रॉइडमधलं स्क्रीनवरच्या मापाचं एकक) आहे. वावरासाठी ५६ धरा आणि दोन बटणांमध्ये किमान ८ डीपी जागा सोडा. मुख्य बटण खाली, अंगठ्याच्या टप्प्यात. पण अगदी तळाशी चिकटवून नको, तिथं फोनच्या स्वतःच्या खुणा असतात आणि बोट घसरलं की माणूस ॲपबाहेर जातो. १६ ते २४ डीपी वर ठेवा. "पाठवा"च्या शेजारी "खोडा" ठेवणं म्हणजे मिठाशेजारी युरिया ठेवणं.

टच स्क्रीन बोट टेकल्यावर काचेवरच्या विद्युतक्षेत्रात होणारा बदल ओळखतो. निंदण, कापूस वेचणी करून कातडी जाड आणि कोरडी झाली की हा संकेत क्षीण होतो. दाबलं तरी लागत नाही. उलट घामाचे थेंब काचेवर पडले की न दाबताच लागतं. यातलं काहीच तुम्ही दुरुस्त करू शकत नाही. मग बटण मोठं करा, दाबल्या दाबल्या त्याचा रंग बदलू द्या, आणि दाबून धरणं, सरकवणं, दोन बोटांनी ताणणं यांवर कोणतंही काम अडू देऊ नका. सरकवून खोडता येत असेल तर ते दिसणाऱ्या बटणानेही खोडता आलं पाहिजे.

पायरी ४: उत्तर किती वेळात

वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब निल्सन यांनी १९९३ मध्ये लिहिलेल्या तीन वेळमर्यादा अजून कामाच्या आहेत. दाबल्यापासून ०.१ सेकंदात काही दिसलं तर "मी केलं, झालं" असं वाटतं. १ सेकंदापर्यंत विचाराची साखळी टिकते. १० सेकंदांनंतर माणूस दुसरीकडे बघतो. वावरात सर्व्हरकडून ०.१ सेकंदात उत्तर येणार नाही, तेव्हा सर्व्हरची वाटच पाहू नका. नोंद आधी फोनमध्ये ठेवा आणि लगेच सांगा: "नोंद फोनमध्ये ठेवली. नेट आलं की जाईल." पोचल्यावर: "कंपनीला मिळाली." हे दोन वेगळे टप्पे आहेत, दोन्हींसाठी "यशस्वी" हा एकच शब्द वापरला की भांडणं काट्यावर होतात.

गोल फिरणारं चाक दाखवून गप्प बसलात तर पुढचं ठरलेलं: "दाबलं तं होतं, काहीच झालं नाही," असं म्हणत माणूस तीनदा दाबतो आणि एका गाडीच्या तीन नोंदी होतात. यावर दोन उपाय, दोन्ही लागतात. पहिल्या दाबण्यानंतर बटण बंद करा. आणि प्रत्येक नोंदीला फोनमध्येच एक वेगळा क्रमांक द्या, म्हणजे तीच नोंद दोनदा पोचली तरी सर्व्हर ती एकदाच धरेल.

पायरी ५: आठवण

इथं सर्वांत जास्त वेळ द्या. मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये, एका वेळी मनात किती गोष्टी धरता येतात यासाठी, 'सात, अधिक-उणे दोन' हा आकडा प्रसिद्ध केला. तो ऐकून मेनूत सातच गोष्टी ठेवायच्या असा एक गैरसमज पसरला. मेनू डोळ्यासमोर असतो, तो लक्षात ठेवावा लागत नाही, म्हणून तो नियम तिथं लागूच नाही. शिवाय नेल्सन कोवान यांनी २००१ मध्ये दाखवलं की उजळणी न करता मनात धरता येणारे तुकडे चारच्या आसपास असतात. आणि तेही क्षणिक. पीटरसन दांपत्याच्या १९५९ च्या प्रयोगात लोकांना तीन व्यंजनं सांगून लगेच उलटे आकडे मोजायला लावले. १८ सेकंदांत बहुतेकांची ती व्यंजनं पुसली गेली होती.

आता ओटीपी आठवा. सहा आकडे, एका ॲपमधून दुसऱ्यात, मध्येच "ओ भाऊ, ताडपत्री कुठं ठेवली?" अशी हाक. विसरणं हेच नैसर्गिक. मेसेजमधला ओटीपी ॲपला परवानगीने आपोआप उचलू द्या. ते जमत नसेल तर मेसेज वाचून परत आल्यावर आधी भरलेली माहिती जशीच्या तशी सापडली पाहिजे. ओटीपीसाठी सहा वेगळ्या चौकटी काढू नका. चिकटवता येत नाही आणि मधला आकडा चुकला की खोडता येत नाही. एकच रुंद चौकट ठेवा. मोबाइल क्रमांक मात्र वाचून दाखवताना ५ आणि ५ असा तोडा, आधार ४-४-४ असा. रकमेत स्वल्पविराम आपल्या पद्धतीने: १,२५,०००.

मूळ तत्त्व असं की आठवायला लावू नका, ओळखायला द्या. "गट क्रमांक टाका" असं विचारलं की माणूस पेटीतला सातबारा शोधायला घरी जातो. एकदा नोंदवल्यावर पुढच्या वेळी त्याच्या शब्दांत यादी दाखवा: "विहिरीचं वावर", "नाल्याकाठचं", "रोडवरचं", गट क्रमांक खाली लहान. ही नावं पहिल्या वेळी त्यालाच ठेवू द्या. मालाच्या यादीत गेल्या हंगामात ज्याने जे विकलं ते त्याला सगळ्यात वर. अमरावतीकडे कापूस, सोयाबीन, तूर, वरूड-मोर्शीत संत्रा, भंडारा-गोंदियात धान. बावीस पिकांची अकारविल्हे यादी सगळ्यांना सारखी देऊ नका.

वजनाच्या चौकटीत एक फसवी खाच आहे. २३ क्विंटल ५ किलो हे बरेचजण "२३.५" असं लिहितात. संगणकाला ते २३ क्विंटल ५० किलो वाटतं. ४५ किलोचा फरक, आणि दोष मात्र माणसाच्या माथी. तोंडी हिशेब क्विंटल आणि किलो असा दोन तुकड्यांत चालतो, दशांशात नाही. म्हणून दोन चौकटी द्या, "क्विंटल" आणि "किलो", आणि खाली अक्षरांत लिहून दाखवा: "तेवीस क्विंटल पाच किलो". जमिनीचंही तेच. "१.२०" म्हणजे सातबाऱ्यावर १ हेक्टर २० आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर. बोलण्यात तोच आकडा १ एकर २० गुंठे, म्हणजे दीड एकर. आणि संगणकाला १.२ एकर. एकाच आकड्याचे तीन अर्थ. चौकटीसमोर एकक लिहून भागत नाही. तिथंही दोन चौकटी लागतात.

लिहिण्यापेक्षा निवडणं बरं. पण लिहावंच लागलं तर शोध उदार ठेवा. "तूर" आणि "तुर", "सोयाबीन" आणि "सोयाबिन", "हरभरा" आणि "चना" हे सारखे धरा. इंग्रजी लिपीत टंकलेलं "कापूस" आणि देवनागरी-इंग्रजी दोन्ही आकडे चालले पाहिजेत. आकड्यांच्या चौकटीवर आकड्यांचाच कीबोर्ड उघडू द्या.

लांब पल्ल्याची आठवण वेगळी. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की विसरण्याचा वेग सुरुवातीला फार असतो. तुमचं ॲप वर्षातून दोनदा उघडणार: एकदा सोयाबीनला, एकदा कापूस-तुरीला. म्हणजे दर वेळी माणूस नव्यानेच येतो. पासवर्ड नकोच, फोन आणि ओटीपी पुरे. सुरुवातीला पाच पानांची ओळख दाखवून उपयोग नाही, ती दिवाळीपर्यंत कोणाच्या लक्षात राहणार? जिथं प्रश्न पडतो तिथंच एक ओळ द्या. आणि नव्या आवृत्तीत बटणांच्या जागा हलवू नका. जी थोडी सवय बोटांत उरली असते, तीच जागा बदलली की आडवी येते.

चित्रखुणांबद्दल थोडं. साठवण्यासाठी फ्लॉपीचं चित्र, ज्याने फ्लॉपी पाहिलीच नाही त्याला काय सांगणार? प्रत्येक खुणेखाली शब्द हवा, आणि शब्द बोलण्यातला. "सादर करा"पेक्षा "नोंद पाठवा". शक्य तिथं कागदी पावतीचा क्रमच ठेवा: नाव, माल, वजन, तारीख. तो क्रम लोकांच्या डोक्यात आधीपासून आहे, फुकट मिळतो. मेळघाटात घरी कोरकू, गडचिरोलीकडे गोंडी बोलणारे आहेत; तिथं प्रश्नाशेजारी ऐकण्याचं बटण द्या आणि आवाज गावातल्याच माणसाचा घ्या.

पायरी ६: लक्ष

१९९९ चा सायमन्स आणि शाब्रिस यांचा प्रयोग प्रसिद्ध आहे: चेंडूचे पास मोजण्यात गुंतलेल्या प्रेक्षकांपैकी सुमारे निम्म्यांना मधून चालत गेलेला गोरिलाचा वेश दिसलाच नाही. दोन सेकंद येऊन जाणारी "नोंद झाली" ही पट्टी त्या गोरिलासारखीच. महत्त्वाचा निरोप माणूस स्वतः बंद करेपर्यंत तिथंच राहू द्या. आवाज द्यायचाच तर मध्यम सुराचा: वयाबरोबर उंच सूर ऐकू येईनासे होतात आणि खर्ज स्वस्त स्पीकरला झेपत नाही. सोबत कंपनही द्या. पण ट्रॅक्टरवर बसलेल्याला तेही कळत नाही.

"तुम्हाला खात्री आहे का? होय / नाही" ही चौकट चौथ्यांदा आली की कोणी वाचत नाही, बोट आपोआप "होय"वर जातं. त्याऐवजी काम होऊ द्या आणि परत फिरवायची सोय ठेवा: "नोंद खोडली. परत आणा". विचारणं भागच असेल तर बटणांवर क्रिया लिहा: "खोडा" आणि "राहू द्या".

पायरी ७: पाच माणसं, एक दुपार

पाच जणांवर तपासलं की बहुतेक मोठ्या अडचणी वर येतात. निवड मात्र नीट करा: एक चाळिशीपुढचा विना चष्म्याचा, एक बाई जी घरचा हिशेब बघते, एक जो मुलाच्या फोनवरून काम करतो, एक वेचणी-निंदण करणारा हात, एक फोन सराईत वापरणारा तरुण. बारा ते दोनच्या दरम्यान, सावलीबाहेर. आधी कागदावर काढलेल्या स्क्रीनवर बोट ठेवायला सांगा, मग फोनवर. कागदावर चूक दुरुस्त करायला एक मिनिट लागतं, कोड लिहिल्यावर दोन दिवस.

सुरुवातीला सांगा: "काकाजी, परीक्षा या स्क्रीनची आहे, तुमची नाही." मग काम द्या: "पंधरा क्विंटल आठ किलो सोयाबीन मंगळवारी आणायचं आहे, कळवून दाखवा." आणि गप्प बसा. "इथं दाबू काय?" असं विचारलं तर "तुम्हाला काय वाटतं?" एवढंच. मध्ये बोललात की चाचणी संपली. तीन गोष्टी टिपा: किती वेळ लागला, बोट कुठं थबकलं, आणि शेवटी वजन बरोबर गेलं का. "समजलं ना?" असं विचारू नका, पाहुण्याचं मन राखायला सगळे "बराबर आहे" म्हणतात. "आता हे दाबलं तं काय होईल?" असं विचारा. "पैसे कटतील काय?" असं उत्तर आलं तर बटणावरचा शब्द चुकला आहे.

आठ दिवसांनी त्याच पाच जणांना, काही न शिकवता, तेच काम पुन्हा द्या. पहिल्या दिवशी तुम्ही पाहिलंत ते डोळा आणि बोट. आठवणीची चाचणी ही दुसरी. दोन जण एकाच जागी अडले की ती जागा आधी दुरुस्त करा, रंगसंगती नंतर. दुरुस्ती झाल्यावर बॅटरी १५ टक्क्यांवर आणून आणखी एकदा पाहा: बॅटरी वाचवायची सोय चालू असली की बरेच फोन उजेड आपोआप कमी करतात, आणि दुपारी वावरातल्या फोनची बॅटरी भरलेली क्वचितच असते.